जिल्हा वार्षिक योजनेत गावाचं काम बसवायचं असेल तर

निधी मिळत नाही ही तक्रार निम्मीच खरी असते. कागद अपुरे म्हणून मागे पडणारी कामंही काही कमी नसतात. 1 एप्रिलला सुरू होणाऱ्या वर्षाचा आराखडा त्याआधीच्या हिवाळ्यात जिल्हा नियोजन समितीपुढे जातो, म्हणून ग्रामसभेचा ठराव ऑक्टोबरातच हवा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तर दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, गुजरातेत कामाला निघून जातात. मग सभा भरवणार कोणाची?

‘गावात बंधारा व्हावा’ हा ठराव नव्हे, इच्छा झाली. नाल्याचं नाव, गट नंबर, किती शेतकऱ्यांना पाणी मिळेल, पुढे डागडुजी कोण करणार, हे सगळं त्यात लिहा. सोबत सातबारा आणि जागा खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतिपत्र. नुसत्या तोंडी होकारावर काम काढलं की खोदाईच्या दिवशी भाऊबंदकी उभी राहते.

पैसा तीन वाटांनी येतो: सर्वसाधारण, अनुसूचित जातींसाठीचा आणि आदिवासी घटक कार्यक्रमाचा. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतली काहीच गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात, आहेत. तेव्हा तालुक्याच्या नावावर न जाता यादीत आपलं गाव शोधा.

काम करणारी सरकारी यंत्रणा निवडताना चुकलात तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत वर्ष जातं. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचं काम जिल्हा परिषदेचं, 101 ते 600 हेक्टर मृद व जलसंधारण विभागाचं, त्यावरचं जलसंपदाचं. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या जुन्या फड बंधाऱ्याची (सामाईक पाटपाण्याच्या बंधाऱ्याची) दुरुस्ती मागताना तो कोणाच्या दप्तरी आहे, हे आधी बघा.

सातपुड्यात खरी अडचण वनजमिनीची. पण ‘वनजमीन आहे, होणार नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये 13 प्रकारच्या सार्वजनिक सुविधांना वाट ठेवलेली आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ते, लहान तलाव, छोटे कालवे त्यात बसतात. अटी दोन: प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरपेक्षा कमी, आणि तोड हेक्टरी 75 झाडांच्या वर नको. ग्रामसभेची शिफारस लागतेच. प्रस्ताव विभागीय वनाधिकाऱ्यांकडे जातो. ही परवानगी निधीची वाट न बघता आधीच काढून ठेवा.

अंदाजपत्रक चालू दरसूचीचंच, म्हणजे सरकारी दरांच्या ताज्या यादीचंच, हवं. जुन्या दरांनी केलेलं काम घ्यायला ठेकेदार निविदाच भरत नाहीत. त्यावर तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता दोन्ही लागतात. निवडणूक जवळ आली असेल तर कार्यारंभ आदेश घेऊन काम आचारसंहितेआधी जागेवर सुरू करून घ्या, कारण ती लागली की आदेश हाती असला तरी नवं काम सुरू होत नाही.

जिल्हा परिषदेकडे आलेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत खर्चता येतो. इतर कार्यालयांचा मात्र त्याच वर्षीच्या 31 मार्चला परत जातो. त्यांच्याकडचं काम असेल तर डिसेंबरपासूनच बिलांच्या मागे लागा.