शॉर्ट सर्किटमध्ये मोटरचा स्टार्टर जळू नये म्हणून
भोसरी-चाकणच्या शेडमध्ये हमखास दिसणारी चूक: फ्यूज उडाला की त्याजागी तांब्याची तार. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) आहे ना, मग फ्यूज कशाला? पण रिले तापायला वेळ घेतो, तोवर कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेले असतात.

१० एचपी, ४१५ व्होल्टची मोटर साधारण १४ अँपिअर घेते. डीओएलमध्ये (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या स्टार्टरमध्ये) रिले नेमप्लेटच्या आकड्यावर लावा. त्याच्या मागे, सप्लायच्या बाजूला, एचआरसी फ्यूज (मोठा फॉल्ट करंट तोडणारा) किंवा एमपीसीबी (मोटरसाठीचा सर्किट ब्रेकर) हवाच. रेटिंग स्टार्टर कंपनीच्या ‘टाइप २’ कोऑर्डिनेशन (फॉल्टनंतरही स्टार्टर वापरता येईल अशी जुळणी) तक्त्यातूनच घ्या. टाइप १ स्वस्त, पण फॉल्टनंतर स्टार्टर बदलावा लागू शकतो.

एक फ्यूज उडाला तरी तिन्ही बदला. मेन बंद करून, लॉक लावून पॉइंट पाहा. खड्डे पडले असतील तर पॉइंटचा किट बदला. कानशीने घासू नका, चांदीचा थर जातो. मोटर-केबल मेगर केल्याशिवाय (इन्सुलेशन तपासल्याशिवाय) स्टार्ट नको.