एक उपग्रह, अनेक ट्रॉलर: प्रोजेक्टला बसण्याआधी

2017 च्या ओखी वादळात खोल समुद्रातल्या कित्येक बोटींपर्यंत इशारा पोचलाच नाही, हे वाचलं आणि शेवटच्या वर्षाचा माझा विषय ठरला: उपग्रहावरून एकच फाइल एकाच वेळी अनेक ट्रॉलरना कशी पोचवायची.

सुरुवातीला टीसीपीची, म्हणजे प्रत्येक तुकड्याची पोच मागणाऱ्या इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीची, सवय नडली. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर, त्यामुळे विचारून उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. तेवढं सोसवतं. पण लॅपटॉपवर 40 रिसीव्हर उभे केले, एक पॅकेट, म्हणजे फाइलचा एक तुकडा, गळलं आणि चाळीसही जणांनी एकदम 'पुन्हा पाठव' म्हटलं. परतीची अरुंद वाट तिथेच तुंबली. म्हणून आधी एकाच वेळी अनेकांना फाइल पोचवण्याचे नियम, म्हणजे नॉर्म प्रोटोकॉल, वाचा; इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांत तो आरएफसी 5740. त्यात रिसीव्हर मागणी करण्याआधी कमीजास्त वेळ थांबतो आणि तीच मागणी दुसऱ्याने केलेली कळली की गप्प राहतो. मात्र बोटींना एकमेकींचं ऐकू येत नाही. जमिनीवरून पाठवणाऱ्या केंद्राने ती मागणी सगळ्यांना ऐकवावी लागते.

इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं जेमिनी यंत्र बोटीवर उपग्रहावरून इशारे घेतं; त्याला तर परतीची वाटच नाही. तिथे दुरुस्ती, म्हणजे गळलेलं भरून काढणारी जादा माहिती, आधीच सोबत पाठवायची. कागदावर करून बघा: 5, 8, 3 आणि बेरीज 16 पाठवा. एका बोटीचा 8 गळला, दुसरीचा 3, तरी तोच 16 दोघींना पुरतो. रीड-सोलोमन या दुरुस्तीच्या पद्धतीचं मर्म हेच.

खरी गळती मोजायला उपग्रहावरचा स्वतःचा ट्रान्सपाँडर (संदेश पुढे पाठवणारं यंत्र) लागत नाही. जीपीएस अचूक करणाऱ्या गगन या भारतीय उपग्रहसेवेचा 250 बिटांचा संदेश दर सेकंदाला फुकट येतो, कुठला सेकंद चुकला तेवढं नोंदवायचं. जुलैत, मासेमारीबंदीत, गोव्यातल्या मालीम जेटीला बांधलेल्या ट्रॉलरवर मी मोजलं. गळती जवळजवळ नाहीच! ऑगस्टमध्ये तोच ट्रॉलर बाहेर पडला आणि सलग आठ-दहा सेकंद गायब, पुन्हा पुन्हा. मी पावसाला दोष देत होतो, पण गगनचा संदेश ज्या एल बँड लहरींवर येतो, त्यांना पाऊस फारसा अडवत नाही. तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, वरच्या खांबाकडे बोट दाखवलं. ''जाळं ओढताना बोट वळते, तेव्हा तो खांब तुझ्या अँटेनाच्या आड येतो.''

सुटी सुटी गळती धरून केलेलं माझं गणित तिथेच मोडलं. एकाच गटातली पॅकेटं वेळेत लांब लांब पसरून पाठवल्यावर तेवढ्याच दुरुस्तीत काम भागलं.

सॅटेलाइट फोन मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बोटीवर नेऊ नका. आणि मोजणी 1 ऑगस्टनंतर, जाळं पाण्यात असतानाच करा.