साटा लिंक जुळत नाही? बोर्ड बनवताना या चुका टाळा

साटा (SATA) ही हार्ड डिस्क, एसएसडीसारखे ड्राइव्ह जोडायची पद्धत. तिच्या तारांवर होस्ट (ड्राइव्ह ज्याला जोडतो ती बाजू) आणि ड्राइव्हची पहिली ओळख डेटाने होत नाही. सुमारे १०६.७ नॅनोसेकंदांचे सहा बर्स्ट (सिग्नलचे छोटे झटके) आणि त्यांच्यामधली शांतता, एवढ्यावर ती होते. शांतता ३२० नॅनोसेकंदांची असेल तर कॉमरिसेट (लिंक नव्याने सुरू करण्याचा इशारा), १०६.७ ची असेल तर कॉमवेक (जागं होण्याचा इशारा). बर्स्ट दोन्हीकडे सारखेच, फरक फक्त शांततेच्या लांबीचा.

म्हणूनच या शांततेला, म्हणजे ‘इलेक्ट्रिकल आयडल’ला, लॉजिक शून्य समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एफपीजीएवर (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपवर) पहिल्यांदा साटा चालवणारे हमखास ती करतात: आयडल हवा तिथे ट्रान्समीटरमधून सलग शून्यं पाठवतात. आयडलमध्ये सिग्नलच्या जोडीतल्या दोन्ही तारा एकाच कॉमन-मोड (दोन्ही तारांच्या सरासरी) व्होल्टेजवर थांबलेल्या असायला हव्यात, त्यांच्यातला फरक शून्य. त्यासाठी ट्रान्सीव्हरला आयडलचा वेगळा इनपुट असतो, तोच वापरा. आणि ट्रान्समीटर पूर्ण बंदही करू नका. कॉमन-मोड हललं की ती उडी कपलिंग कपॅसिटरमधून (स्थिर व्होल्टेज अडवायला तारेत बसवलेला) पलीकडे जाते; दोन्ही तारांवर ती नेमकी सारखी पोचली नाही, तर रिसीव्हरच्या स्क्वेल्च सर्किटला (सिग्नल आहे की शांतता हे ठरवणारं) सिग्नल आल्याचा भास होतो.

कपॅसिटरची क्षमताही इथेच नडते. पीसीआय एक्स्प्रेसच्या सवयीने लोक १०० नॅनोफॅरड लावतात. साटाची कमाल मर्यादा १२ आहे, आणि १० सर्रास वापरतात. दहापट क्षमतेचा कपॅसिटर म्हणजे व्होल्टेज स्थिरावायला दहापट वेळ. ८बी/१०बी कोडिंगमुळे (दर ८ बिट्स १० बिट्समध्ये बदलून शून्यं आणि एक जवळपास सारखे ठेवणारं) डेटा समतोल असतो, त्याला १० पुरेसे होतात. कपॅसिटर काढून शून्य ओहमचा रेझिस्टर लावण्याचा मोह तर नकोच. एका ड्राइव्हवर चालेल, दुसऱ्यावर अडेल.

बिघाड शोधताना लिनक्सच्या लॉगमधल्या ‘एसस्टेटस’चा (SStatus, लिंकची स्थिती सांगणारा आकडा) शेवटचा अंक पाहा. ० असेल तर पलीकडून काहीच ऐकू आलेलं नाही: ड्राइव्हचा वीजपुरवठा तपासा, मग पाठवायची आणि घ्यायची जोडी अदलाबदल झाली आहे का ते बघा. १ असेल तर ड्राइव्ह सापडला, पण लिंक बसली नाही. अशा वेळी प्लस-मायनस उलटे जोडले गेल्याचा संशय घ्या. बर्स्ट आणि शांतता यांना उलटसुलटाने फरक पडत नाही, डेटाला पडतो. ३ असेल तर लिंक ठीक आहे.

लिंक जुळते, पण ड्राइव्ह थोडा वेळ रिकामा राहिला की गायब होतो? लिंक पॉवर मॅनेजमेंट ‘मॅक्स परफॉर्मन्स’वर ठेवून पाहा. त्रास थांबला, तर संशय स्लंबरमधून (लिंकच्या वीज वाचवणाऱ्या झोपेतून) बाहेर येण्यावर, म्हणजे कॉमवेकवर. मग डिफरेन्शियल प्रोब (दोन तारांमधला फरक मोजणारा) रिसीव्हरजवळ, कपॅसिटरच्या पलीकडे लावा आणि बर्स्टमधली शांतता खरंच सपाट आहे का ते मोजा.