लॉगिन-हेल्पर लिहायला बसण्यापूर्वी

संकेतस्थळाच्या स्वयंचलित चाचण्या लिहिताना ईमेल आणि पासवर्ड भरणाऱ्या त्याच ओळी प्रत्येक चाचणीत चिकटवत न बसता लॉगिनचा एकच हेल्पर (मदतीचे फंक्शन) लिहून तो सगळीकडे वापरावा, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र मी लिहिलेल्या पहिल्या हेल्परमुळे बऱ्याच चाचण्या लॉगिन न होताच हिरव्या, म्हणजे यशस्वी, होत राहिल्या, म्हणून ही यादी. उदाहरणे मुख्यतः प्लेराइटची, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून चाचण्या घेणाऱ्या साधनाची आहेत.

आधी खाती. चाचणीसाठी स्वतंत्र खाती असावीत, भूमिकेगणिक निदान एक असावे आणि पासवर्ड कोडमध्ये नव्हे तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, यंत्रणेत ठेवलेल्या मूल्यांत) असावेत. याहून जास्त सांगण्याची गरज नाही. चाचण्या समांतर चालणार असतील आणि त्या सर्व्हरवरची माहिती बदलत असतील, तर प्रत्येक वर्करला (चाचण्या समांतर चालवणाऱ्या प्रक्रियेला) वेगळे खाते द्यावे. कॅप्चा चाचणीच्या सर्व्हरवर बंद करून घ्यावा. तो ओलांडण्याच्या युक्त्या शोधण्यात वेळ घालवू नये. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा सहा आकडी कोड लागत असेल, तर त्या खात्याची गुप्त किल्ली जपून ठेवून हेल्परनेच कोड तयार करावा. हा कोड साधारणपणे ३० सेकंदांनी बदलतो आणि एकदा मान्य झालेला कोड सर्व्हरने पुन्हा स्वीकारू नये, असे आरएफसी ६२३८ हे या कोडांचे मानक सांगते. त्यामुळे एकाच खात्याने दोन वर्कर एकाच वेळी आत शिरू लागले की दुसऱ्याला नकार मिळतो, आणि हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. लॉगिन खरोखर झाले आहे याचा पुरावा मिळाल्याशिवाय हेल्परने ब्राउझरची स्थिती फाइलमध्ये जतन करू नये; बाकीच्या चाचण्या हीच फाइल वापरून लॉगिन झालेल्या अवस्थेत सुरू होतात. बटण दाबले म्हणजे लॉगिन झाले असे नव्हे. बटण दाबल्यावर विनंती जाते, सर्व्हर ३०२ हा संकेत देऊन दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो, कंपनीचे सिंगल साइन-ऑन (सगळ्या सेवांसाठी एकच लॉगिन) असेल तर फेरी दुसऱ्याच डोमेनवरून होते, आणि सेशनची कुकी (लॉगिन ओळखण्यासाठी ब्राउझरने ठेवलेली खूण) कित्येकदा अगदी शेवटच्या टप्प्यावर मिळते. त्याआधीच स्थिती जतन केली तरी फाइल बिनतक्रार तयार होते, फक्त कामाची कुकी तिच्यात नसते. पासवर्ड चुकला तरी तेच होते: लॉगिनचे पान तांबड्या सूचनेसह पुन्हा उघडते आणि हेल्पर काहीच न पाहता पुढे सरकतो. फाइल तयार झाली हा पुरावा नव्हे.

पानाचा पत्ता (यूआरएल) पाहणेही पुरेसे नाही. पत्त्यात ‘डॅशबोर्ड’ हा शब्द येईपर्यंत थांबायला सांगितले, तर पुष्कळ संकेतस्थळांवर लॉगिनच्या पानाच्याच पत्त्याला ‘नेक्स्ट’ म्हणून डॅशबोर्डचा मार्ग जोडलेला असतो; अट पहिल्याच क्षणी पूर्ण होते. म्हणून पानाच्या शिरोभागात त्या खात्याचे नाव दिसेपर्यंत थांबावे, आणि ‘सध्याचा वापरकर्ता कोण’ हे सांगणारी एपीआय (प्रोग्रामने सर्व्हरला विचारण्याची सोय) असेल तर तिच्या उत्तरातला ईमेल आणि भूमिका दोन्ही ताडून पाहावीत. भूमिका का? कारण ‘सामान्य वापरकर्त्याला हटवण्याचे बटण दिसू नये’ अशा नकाराच्या चाचण्या लॉगिन नसतानाही आनंदाने हिरव्या होतात. पाहुण्यालाही ते बटण दिसत नाहीच! पुरावा आधी, जतन नंतर. हा क्रम मोडू नये.

ब्राउझर माहिती अनेक कप्प्यांत ठेवतो. जतन केलेल्या फाइलमध्ये कुकी आणि लोकल स्टोरेज असते, सेशन स्टोरेज नसते. आपले टोकन (लॉगिनची सांकेतिक खूण) सेशन स्टोरेजमध्ये असेल तर ते वेगळे साठवून पान सुरू होताना परत घालावे लागते. टोकन इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये असेल (फायरबेस या गूगलच्या सेवेचे तिथेच असते), तर प्लेराइट १.५१ पासून त्यासाठी पर्याय आहे, पण तो स्वतः चालू करावा लागतो. ही फाइल हाती लागलेला कोणीही त्या खात्याने आत शिरू शकतो, तेव्हा तिचा फोल्डर गिटइग्नोरमध्ये (कोडच्या साठ्यात जाऊ न देण्याच्या यादीत) हवाच. लोकलहोस्टवर मिळालेली कुकी १२७.०.०.१ वर चालत नाही. लॉगिन करताना आणि चाचण्या चालवताना, दोन्हीकडे एकच पत्ता वापरावा. जुनी फाइल पुन्हा वापरणार असाल तर सेशनची मुदत संपलेली असू शकते, म्हणजे पुरावा तिथेही पाहिजे, केवळ पहिल्या लॉगिनला नव्हे.

लॉगआउटची चाचणी सामायिक फाइलवर चालवू नये. सर्व्हरने ते सेशन संपवले की त्याच फाइलवर चाललेल्या बाकीच्या चाचण्या पडतात, आणि दोष मात्र भलत्याच ठिकाणी शोधला जातो. त्या चाचणीने आपले लॉगिन आपणच करावे. लॉगिनच्या फॉर्मची खरी चाचणीही स्वतंत्र ठेवावी, कारण हेल्पर आल्यावर तो फॉर्म इतर कोणी उघडत नाही.

उरलेले थोडक्यात. सायप्रेस आणि सेलेनियम ही प्लेराइटसारखीच साधने. सायप्रेसमध्ये सेशनच्या आज्ञेला पडताळणीचे फंक्शन देता येते. ते ऐच्छिक आहे, पण आपण सक्तीचे मानावे, आणि त्या आज्ञेनंतर पान पुन्हा उघडावे. सेलेनियममध्ये आधी त्या डोमेनवर जावे, मग कुकी घालावी. जँगो या पायथॉनच्या वेब-फ्रेमवर्कच्या ‘फोर्स लॉगिन’मध्ये पासवर्ड तपासलाच जात नाही, म्हणून ते वेगवान आहे, पुरावा तरीही पाहावा. शेवटी पासवर्ड मुद्दाम चुकवून सगळा संच एकदा चालवावा: सेटअप (हेल्पर चालवणारी सुरुवातीची पायरी) तिथेच लाल, म्हणजे अयशस्वी, झाला पाहिजे आणि त्यावर अवलंबून असलेली एकही चाचणी सुरू होता कामा नये.