लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये चित्रपट का उमटत नव्हता

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवल्यानंतर, रीतसर वर्गणी भरलेल्या एका चित्रपटसेवेचे पान फायरफॉक्समध्ये उघडत असे, पण व्हिडिओच्या जागी काळा चौकोनच दिसे. कुकीज पुसणे, जाहिरातरोधक बंद करणे, ब्राउझर पुन्हा बसवणे यांत अख्खी संध्याकाळ गेली. कारण वेगळेच होते: अशा सेवा चित्रपट कूटबद्ध करून पाठवतात, तो उलगडण्यासाठी ब्राउझरला गूगलचा वाइडवाइन हा बंदिस्त (ज्याचा कोड खुला नाही असा) घटक लागतो आणि माझ्याकडे त्याची परवानगीच बंद होती. सेटिंग्जमधील ‘जनरल’ विभागात डीआरएम-नियंत्रित (नक्कल रोखण्यासाठी डिजिटल कुलूप लावलेला) आशय चालवण्याच्या पर्यायावर खूण केली, घटक उतरेपर्यंत थांबलो, पान पुन्हा उघडले आणि चित्र उमटले.

सप्टेंबर 2017 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ब्राउझरमध्ये असा कूटबद्ध आशय चालवण्याच्या व्यवस्थेला मानकाचा दर्जा दिला, तेव्हा डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने निषेध म्हणून त्या संस्थेचे सदस्यत्व सोडले होते. पैसे भरूनही कुलपाबाहेर ताटकळल्यावर तो राग मला पटला. चित्र अजूनही थोडे धूसरच आहे, कारण लिनक्सवर हे उलगडणे केवळ सॉफ्टवेअरमध्ये होते आणि अनेक सेवा अशा यंत्रांना उच्च दर्जाचा व्हिडिओ देत नाहीत.