टोमॅटो-मिरचीसाठी घरचा सौर ड्रायर: वळिवाआधी करायची कामं

फेब्रुवारीच्या मध्यापासून वळीव सुरू होईपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात वाळवणाला भरवशाचं ऊन मिळतं. टोमॅटोचा भाव तोडणीच्या मजुरीलाही पुरेना झाला, की माल बांधावर ओतण्यापेक्षा त्यातला काही वाळवून ठेवणं परवडतं. मिरची अंगणात पसरून वाळते, टोमॅटो नाही. त्याच्या रसाळ कापांवर धूळ आणि माश्या बसतात आणि सुकायच्या आधीच ते आंबतात. त्यासाठी बंदिस्त ड्रायर हवा.

ड्रायरचे दोन भाग: हवा तापवणारी पेटी आणि ट्रेचं कपाट. पेटी ६ फूट लांब, ३ फूट रुंद करा. तळाला दोन पत्र्यांच्या मध्ये २ इंच कोरडं भाताचं तूस दाबून भरा. थर्माकोल नको, पेटी रिकामी तापली की तो आकसतो. उसाचं चिपाड फुकट मिळतं म्हणून भरलं तर ओल धरतं आणि वाळवी लागते. तुसाच्या वर ४ इंच पोकळी ठेवून तिच्या मधोमध काळा मॅट रंग दिलेला नालीदार पत्रा बसवा. हवा पत्र्याच्या वरून आणि खालून दोन्हीकडून तापत जाईल. रंगाचा वास जाईपर्यंत दोन-तीन दिवस ड्रायर रिकामाच उन्हात ठेवा.

काच ४ मिमीची, दोन तुकड्यांत घ्या. वरचा तुकडा खालच्यावर इंचभर चढवा, कौलासारखा. एक फुटली तरी दुसरी वाचते. चौकटीत काचेभोवती ३ मिमी जागा सोडून रबरी पट्टी लावा. घट्ट बसवलेली काच दुपारी फुगून तडकते. साधा प्लॅस्टिक कागद उन्हानं लवकर ठिसूळ होतो.

पेटीचं खालचं टोक दक्षिणेला आणि वरचं टोक २ फूट उंच ठेवा. हा चढ साधारण २० अंशांचा होतो. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश आहे, त्यापेक्षा किंचित जास्त चढ असला की गरम हवा नीट वर सरकते. वरच्या टोकाला ३ फूट रुंद, २ फूट खोल, ३ फूट उंच कपाट जोडा. दार उत्तरेला. आत तीन-चार इंचांच्या अंतरानं ५ ट्रे. जाळी स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची घ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या जाळीवर टोमॅटोचं आम्ल काम करतं आणि जस्त मालात उतरतं. कपाटाच्या माथ्यावर ६ इंची, ३ फूट उंच दोन पाइप काळे रंगवून उभे करा, वर टोपी. पेटीच्या खालच्या तोंडाला, म्हणजे जिथून हवा आत येते तिथे, आणि पाइपांना मच्छरजाळी. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या नाहीत तर मुंग्या पहिल्या रात्रीच येतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती तोंड बंद करण्यात. ‘अजून तापू दे’ म्हणून हवेची वाट अडवली, की तापमान चढतं खरं, पण दाराच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात. असे थेंब दिसले की समजा, माल वाळत नाही, शिजतोय. तोंड लगेच पूर्ण उघडा. वारा पडलेल्या दिवसांत १२ व्होल्टचा छोटा पंखा १० वॉटच्या सौर पॅनलवर चालवता येतो. तो खालच्या तोंडाला बसवा. वर लावलात तर गरम ओलसर हवेनं त्याचं बेअरिंग जातं.

पाचही ट्रेत मिळून १० किलो काप मावतात, पण भरायचे ५ ते ६ किलोच. हिशेब असा: एवढ्या काचेवर उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १० युनिट ऊर्जा पडते. घरगुती ड्रायर त्यातली चौथाई वापरतो असं धरलं, तर साडेतीन-चार लिटर पाणी उडतं. १० किलोंत पाणीच सव्वानऊ ते साडेनऊ किलो असतं, ते निघायला तिसरा दिवस उजाडतो आणि तोवर मधले ट्रे आंबूस वास मारतात.

टोमॅटो घट्ट, पूर्ण लाल घ्या. काप ६ ते ८ मिमी, एकसारखे; जाड-बारीक झाले तर बारीक करपतात आणि जाड ओलेच राहतात. सकाळी ९ च्या आत भरा. खालच्या आणि वरच्या ट्रेजवळ थर्मामीटर ठेवा. टोमॅटो-मिरचीला ५० ते ६० अंश, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याला ४० ते ४५. सुरुवातीलाच ६५ च्या वर गेलं की कापाची साल कडक होते आणि ओल आत कोंडते. बोटानं दाबल्यावर मधून चिकट रस येतो. तो माल डब्यात बुरशी धरणारच. खालचा ट्रे आधी वाळतो, म्हणून दुपारी खालचे वर, वरचे खाली करा. संध्याकाळी ऊन उतरलं की तोंड आणि पाइप दोन्ही बंद, नाहीतर रात्रीचा दमटपणा माल परत शोषतो.

मिरचीचा देठ वाळेपर्यंत काढू नका, तिथूनच बुरशी आत शिरते. हलवल्यावर बी वाजलं पाहिजे.

टोमॅटो झाला की नाही, हे डोळ्यांवर सोडू नका. एका ट्रेत नेमके १ किलो काप घाला आणि तोच ट्रे तोलत राहा. काप ६५ ग्रॅमच्या आसपास आले की थांबा. थंड करून काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून वाफ धरली तर माल परत ड्रायरमध्ये. पूड लागेल तेवढीच, कोरड्या दुपारी करा. ती हवेतली ओल ओढून खडा होते.

गुऱ्हाळं चालू असली किंवा शेजारी पाचट पेटवलं असलं, तर काचेवर काजळी बसते. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसा. मे महिन्यात दुपारी ढग चढू लागले की नवीन माल भरू नका. आत असलेला काढून बरण्यांत घ्या, काच उतरवून घरात उभी ठेवा आणि पेटी पालथी करा, म्हणजे तूस भिजणार नाही.