‘व्हॅन’चा व्ह आणि ‘व्हाइट’चा व्ह

इंग्रजी बोलताना मराठी हेल ऐकू आला म्हणून बिघडत नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिलं की हेल अगदी ठळक असला तरी बोलणं पूर्ण समजू शकतं. म्हणून मेहनत घ्यायची ती फक्त जिथे शब्दच वेगळा ऐकू जातो तिथे.

अशा जागा शोधायला एखाद्या विषयावर, कागद न बघता, एक मिनिट बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा. मराठी न येणाऱ्या माणसाला ते ऐकवून लिहून काढायला सांगा. मराठी कान आपले उच्चार आपोआप सुधारून घेतो, त्यामुळे घरच्यांकडून ही तपासणी करून घेण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘व’चा. आपण ‘व्हॅन’ही व्ह-ने लिहितो आणि ‘व्हाइट’ही. इंग्रजीत मात्र हे दोन वेगळे आवाज आहेत. ‘व्हॅन’साठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवा आणि दोन सेकंद गुणगुणा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत, आणि ‘ह’चा श्वास अजिबात नको. ‘व्हाइट’साठी दात लांब ठेवा, ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करा आणि ‘ऊ-आइट’ असं हळू म्हणत वेग वाढवा. आरशासमोर ‘वाइन’ (दारू, ‘व्हाइट’चा आवाज) आणि ‘व्हाइन’ (वेल, ‘व्हॅन’चा आवाज) आलटून पालटून दहा वेळा म्हणा. पहिल्यात दात दिसले तर चुकलं. नव्याने शिकणारे बहुधा सगळीकडेच दात टेकवू लागतात, तेही सांभाळा.

‘झ’चंही (इंग्रजी z) असंच. ‘जाड’, ‘जोर’ यांतला दंत्य ज मराठीत आहे, पण ‘इ’च्या आधी तो येत नाही. म्हणून ‘झिप’, ‘इझी’ म्हणताना जीभ टाळूकडे सरकते आणि ‘जीव’मधला ज निघतो. ‘स्स्स’ म्हणत राहा, जीभ न हलवता त्यात आवाज मिसळा. हवा तो झ मिळेल.

शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क आपण श्वास न सोडता म्हणतो. इंग्रज कानाला मग ‘पॅक’चं ‘बॅक’ आणि ‘कोट’चं ‘गोट’ ऐकू येतं. तोंडासमोर चार बोटांच्या अंतरावर कागदाची पट्टी धरा: ‘पेन’ला ती हलली पाहिजे, ‘स्पेन’ला नाही, कारण स-नंतर हा श्वास सुटत नाही. ओठ आधी पूर्ण मिटा, नाहीतर ‘पॅन’चा ‘फॅन’ होतो.

आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावरचा जोर, मात्र कधीच टाळू नका. मराठीत शब्दातल्या अक्षरांना साधारण सारखं वजन मिळतं. इंग्रजीत एक अक्षर लांब आणि उंच होतं, तर आजूबाजूचे स्वर आखडून बहुतेकदा ‘घर’मधल्या ‘अ’सारखे होतात. फोऽटग्राफ, फटॉऽग्रफर, फोटग्रॅऽफिक: एकाच शब्दाच्या या तीन रूपांत जोर कसा सरकतो पाहा. ‘डेव्हलप’मध्ये तो दुसऱ्या अक्षरावर: डिव्हेऽलप. ‘होटेऽल’चंही तसंच. दोन अंगठ्यांत रबरबँड धरून जोराच्या अक्षरावर ताणा, बाकीच्यांवर सैल सोडा. नुसता आवाज चढवणं ही नेहमीची चूक. अक्षर लांबवायचं असतं. नवा शब्द शिकताना शब्दकोशातली आघाताची खूण स्पेलिंगच्याही आधी बघावी.

‘थिंक’मधला थ आणि ‘दिस’मधला द आपल्या पद्धतीने म्हटले तरी संदर्भाने समजतात, म्हणून ते शेवटी घ्या. ‘र’ तर बदलूच नका.

काही वेळा अडचण उच्चारात नसतेच. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांना एकाच स्त्रीच्या आवाजातलं व्याख्यान ऐकवलं होतं. काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना ते कमी समजलं. समोरचा ‘पार्डन?’ म्हणाला की घाईने हेल बदलायला जाऊ नका. तेच वाक्य दोन तुकड्यांत, मध्ये थांबून, जोराचं अक्षर लांबवून म्हणा. तरीही अडलं तर तो एक शब्द बदला.